आयर्विनच्या खुणेच्या वर: न पाहिलेल्या संकटांसाठी जिल्ह्याने आधी विचार कसा करावा

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे शहरातला कृष्णेवरचा पूल; त्याच्याजवळ नदीची पातळी फूट-इंचात मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फूट ८ इंचांपर्यंत चढलं आणि तो आकडा शहराच्या डोक्यात पक्का बसला. भिंतींवर खुणा राहिल्या. पुढची चौदा वर्षं कुणी माळा बांधताना, कुणी दुकानातल्या फळ्या ठोकताना त्या खुणेकडे बघून उंची ठरवली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्यांनी सामान जुन्या खुणेच्या वर चढवून ठेवलं होतं, त्यांचंही भिजलं.

त्या लोकांनी निष्काळजीपणा केला नव्हता, उलट अनुभवातून शिकून तयारी केली होती. पण आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा पूर हीच पुराची हद्द, असं त्या तयारीत न बोलता धरलेलं होतं. शासनाच्या योजनांतही नेमकं हेच होतं, आणि तिथे त्याची किंमत एका घरापुरती राहत नाही.

हा लेख जिल्हा पातळीवर धोरण ठरवणाऱ्यांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्यांसाठी आहे: अधिकारी, जिल्हा परिषदेचे सदस्य, नगरसेवक, प्राध्यापक, स्वयंसेवी संस्थांतले कार्यकर्ते. विषय आहे भविष्यवेध. उदाहरण म्हणून सांगली जिल्हा घेतो, कारण पश्चिमेला शिराळा-वाळवा-पलूस पुराच्या छायेत आणि पूर्वेला जत-आटपाडी दुष्काळी, असे दोन टोकाचे प्रश्न इथे एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर येतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. भविष्यवेध म्हणजे भाकीत नव्हे. काय होणार हे सांगण्याचा दावा त्यात नसतो. "असं झालं, तर आज काय करून ठेवलं असतं तर बरं झालं असतं?" एवढाच प्रश्न तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी विचारतो. शाळेत ऐकलेली तीन माशांची गोष्ट आठवा. कोळी उद्या येणार हे कानावर पडताच तळं सोडणारा अनागतविधाता, जाळ्यात सापडल्यावर मेल्याचं सोंग घेऊन निसटणारा प्रत्युत्पन्नमती, आणि जे व्हायचं ते होईल म्हणणारा यद्भविष्य. आपलं प्रशासन बहुतेक वेळा दुसऱ्या माशासारखं वागतं, आणि त्यात ते खरोखर तरबेज आहे. रात्री-अपरात्री बोटी पोचवणारे, छावण्या उभारणारे, पूर ओसरल्यावर आठवड्यात पंचनामे करणारे लोक मला ठाऊक आहेत, त्यांच्याबद्दल मनात आदर आहे. पण पहिल्या माशाचं काम कुणाच्याच कामांच्या यादीत लिहिलेलं नसतं. ते कसं लिहायचं, हे आता पाहू.

अनपेक्षित म्हणजे कुणाला अनपेक्षित?

कामाला लागण्याआधी हा प्रश्न सोडवायला हवा. "कुणाच्या ध्यानीमनी नसताना" घडलेल्या घटना उलगडून पाहिल्या की त्यांचे निदान तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार, कागदावर असलेलं पण खुर्चीपर्यंत न पोचलेलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कुणीच धरला नव्हता, हे खरं. पण मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटी आहे असं धरून, आखलेली होती. ती ताशी ५० मिलिमीटरसाठी वाढवावी, असं सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ सालीच तयार होता. बारा वर्षं त्यातलं बरंचसं काम झालं नाही. अहवाल पूर्ण अमलात आला असता तरी ९४४ मिलिमीटर पचले नसते, हेही प्रामाणिकपणे म्हणायला हवं. पण पाणी किती तास तुंबलं असतं आणि किती माणसं वाचली असती, हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रकार, खुणा दिसत होत्या पण नकाशा "सुरक्षित" म्हणत होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग देशाच्या भूकंप नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. गावकऱ्यांना आदल्या वर्षीपासून जमिनीतून आवाज आणि हादरे जाणवत होते. पुढे २००२ मध्ये सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच देशाच्या भूकंप नकाशातून काढून टाकला गेला. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तीही दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी करणं चुकीचं नाही. पण यादी झाली की यादीबाहेरच्या गावाकडे बघणं थांबतं, हा तिचा धोका.

तिसरा प्रकार, एकेकटं ओळखीचं पण एकत्र कधीच न पाहिलेलं. अतिवृष्टी माहीत, समुद्राची भरती माहीत, मुंबईत २६ जुलैला दोन्ही एका दुपारी आल्या. पूर माहीत, साथ माहीत. जुलै २०२१ मध्ये कोकण आणि कृष्णाकाठ दोन्हीकडे पूर आला तेव्हा कोविड गेलेला नव्हता, आणि शाळेच्या एका खोलीत चाळीस माणसं ठेवायची की नाही, याचं उत्तर कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

खरोखर कुणालाच कल्पना नसलेलं संकट फार क्वचित येतं. बहुतेक वेळा ते कुणाला तरी ठाऊक असतं. कधी तलाठ्याला, कधी नावाड्याला, कधी एखाद्या निवृत्त अभियंत्याला. भविष्यवेधाचं निम्मं काम म्हणजे ती माहिती निर्णय घेणाऱ्यापर्यंत, निर्णय व्हायच्या आत पोचवणं.

सुरुवात निर्णयापासून करा, संकटांच्या यादीपासून नको

अशा उपक्रमाची पहिली बैठक बहुतेक ठिकाणी "२०४७चा जिल्हा कसा असेल?" अशा मथळ्याखाली होते. त्यातून सुंदर सादरीकरणं निघतात आणि पुढे काहीच हलत नाही. त्याऐवजी एक यादी करा: पुढच्या दोन-तीन वर्षांत या जिल्ह्यात असे कोणते निर्णय होणार आहेत, जे एकदा झाले की वीस-तीस वर्षं बदलता येणार नाहीत?

सांगलीसारख्या जिल्ह्यात ही यादी अशी होऊ शकते: नव्या पुलाची उंची आणि त्याच्या जोडरस्त्याचा भराव. पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलची, म्हणजे नदीचं पाणी उचलणाऱ्या विहिरीची, आणि पंपांची जागा. वीज उपकेंद्राचा चौथरा. रुग्णालयाची नवी इमारत. विकास आराखड्यात निवासी पट्टा कुठवर न्यायचा. यातला शेवटचा निर्णय सगळ्यात मोठा. नदीकाठी निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. त्या रेषा मागच्या नोंदींवरून आखतात, आणि नोंदी २००५, २०१९, २०२१ असे लागोपाठ धक्के देत असतील तर "शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांवर किती विसंबायचं, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे.

यादीतला एक किंवा फार तर दोन निर्णय निवडा. त्यावरून प्रश्न एका वाक्यात लिहा. "२०४०पर्यंत कृष्णाकाठच्या गावांत माणसं, जनावरं, पाणीपुरवठा आणि दवाखाने सुरक्षित राहावेत, यासाठी आज कोणती बांधकामं कुठे करावीत आणि कुठे करू नयेत?" मुदत पंधरा ते वीस वर्षांची धरा. त्याहून कमी धरली तर लोक आजचीच परिस्थिती थोडी ताणून सांगतात. जास्त धरली तर कल्पनारंजन सुरू होतं.

कुणाला बोलवायचं

वीस माणसं पुरे. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जलसंपदा आणि महावितरणचे अभियंते, आरोग्य अधिकारी, महापालिकेचे प्रतिनिधी हवेतच. पण निम्म्या खुर्च्या इतरांसाठी राखून ठेवा. बचत गटातल्या ताई, आशा सेविका, पोलीस पाटील, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, पशुवैद्यक, एसटी आगाराचे वाहतूक नियंत्रक, नावाडी, आणि महाविद्यालयातली दोन-तीन मुलं, कारण २०४० साली जिल्हा चालवणारी तीच असतील.

एसटी कशाला, असं विचारणाऱ्यांना माळीण आठवावं. ३० जुलै २०१४च्या सकाळी ते गाव दरडीखाली गेलं आणि बाहेरच्या जगाला पहिली खबर मिळाली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटी चालकाकडून. गाव जिथे असायला हवं होतं तिथे ते त्याला दिसलं नाही. रोज तोच रस्ता तुडवणाऱ्या माणसाला बदल सगळ्यात आधी कळतो.

बैठकीत एक नियम कडक पाळा: वरिष्ठांनी शेवटी बोलायचं. "साहेब" एकदा बोलले की खोलीतला विचार तिथेच थांबतो, आणि त्यात साहेबांचा दोष नसतो. महत्त्वाच्या प्रश्नांवर मतं चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्या, मोठ्याने वाचा, चर्चा करा, मग पुन्हा चिठ्ठ्या घ्या. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत या कल्पनेतून 'डेल्फी' पद्धत आकाराला आली. आपल्याकडच्या उतरंडीत तिचा उपयोग तिथल्यापेक्षा जास्तच आहे.

खुणांची वही

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बदल एकदम येत नाही, आधी त्याच्या बारीक खुणा दिसतात. त्या नोंदवायला प्रत्येक तालुक्यात चार-पाच माणसं नेमा आणि एक साधं पान द्या: काय पाहिलं, कुठे, कधी, आणि हे वाढत गेलं तर कशाला धक्का लागेल. एवढेच चार रकाने. महिन्याकाठी दहा-बारा नोंदी आल्या तरी खूप झालं.

काय नोंदवायचं? टँकरची पहिली मागणी यंदा कोणत्या महिन्यात आली. शाळेच्या पटावर मुलं किती उरली. दुपारी शेतमजूर किती वाजता काम थांबवायला लागले. सर्पदंशाचे रुग्ण एरवीपेक्षा आधी येऊ लागले का. नदीकाठी भराव टाकून कुठे प्लॉट पडले. कुठल्या ओढ्याचं तोंड बुजलं. सौर पंप आल्यापासून विहिरीची पातळी कशी बदलली? हे शेवटचं मला विशेष महत्त्वाचं वाटतं. सौर पंपामुळे शेतकऱ्याची रात्रीची पाणी धरण्याची यातना संपते, हे फार मोठं सुख आहे. पण पाणी उपसायला विजेच्या बिलाचा आणि वेळापत्रकाचा लगामही राहत नाही. एका चांगल्या योजनेतून दहा वर्षांनी भूजलाचा पेच उभा राहू शकतो, आणि त्याची पहिली खूण मुंबईच्या नव्हे, आटपाडीच्या विहिरीत दिसेल.

निसर्गाच्या खुणांवरच थांबू नका. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आणलं आणि त्यासाठी कर्ज काढून प्रकल्प उभारलेल्या कारखान्यांचं गणित एका दिवसात बिघडलं. काही दिवसांत ते बंधन सैल झालं, पण धक्का बसायचा तो बसला. आदल्या ऑगस्टमध्ये पाऊस फार कमी झाला होता, ऊस कमी निघणार हे दिसत होतं, साखरेच्या दराची चिंता होती, निवडणुका जवळ होत्या. खुणा चार वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, त्या कुणी एका वहीत शेजारी-शेजारी लिहिल्या नव्हत्या.

म्हणून महिन्यातून एकदा दीड तास बसून वही मोठ्याने वाचायची. प्रश्न एकच: यातल्या कोणत्या दोन नोंदी एकमेकींना जोडलेल्या वाटतात? सिंगापूरने २००३च्या सार्सच्या साथीचा अनुभव घेतल्यावर २००४ मध्ये विखुरलेल्या खुणा एकत्र करून वाचणारी सरकारी व्यवस्था उभी केली. त्यांच्याकडे संगणकप्रणाली होती. जिल्ह्याला सुरुवातीला एक वही आणि ती न चुकता वाचणारा एक माणूस पुरतो.

ठरलेलं आणि न ठरलेलं वेगळं करा

वहीतल्या गोष्टी दोन ढिगांत घाला. एका ढिगात जे जवळजवळ नक्की आहे ते: गावातली माणसं सरासरीने म्हातारी होत जाणार, उन्हाळे तापत जाणार, शहराभोवती बांधकाम वाढणार. दुसऱ्या ढिगात जे कुठेही वळू शकतं ते: पाऊस पसरून पडेल की चार दिवसांत कोसळेल. ऊस राहील की जाईल. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढेल का, आणि कोयना, वारणा, अलमट्टी यांचे विसर्ग दोन्ही राज्यं मिळून ठरवतील की आपापलं बघतील.

पहिल्या ढिगाला लोक कंटाळवाणा समजून बाजूला सारतात. तसं करू नका. गाव म्हातारं होणं ही बातमी नाही, पण पुराच्या संदर्भात ती फार मोठी गोष्ट आहे. ती पुढे येईलच.

गोष्टी लिहा, तक्ते नंतर

दुसऱ्या ढिगातून सगळ्यात प्रभावी आणि सगळ्यात अनिश्चित अशा दोन बाबी निवडा. एक आडवी रेघ, एक उभी रेघ, चार कप्पे. हे चार कप्पे म्हणजे चार वेगवेगळी २०४०. आपल्या उदाहरणात आडव्या रेघेवर पाऊस, पसरलेला ते कोसळणारा. उभ्या रेघेवर धरणांचा समन्वय, एका टेबलावर ते ज्याचं त्याचं.

प्रत्येक कप्प्याला नाव द्या, आणि ते बोलीतलं असू द्या. "उच्च जोखीम–निम्न समन्वय" हे नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. "ज्याचं त्याचं धरण" राहतं. मग प्रत्येक कप्प्याची दीड-दोन पानांची गोष्ट लिहा, एखाद्या माणसाच्या दिवसातून. उदाहरणार्थ:

*ज्याचं त्याचं धरण, ऑगस्ट २०४०. पलूस तालुक्यातलं एक नदीकाठचं गाव. चार दिवस महाबळेश्वरपासून चांदोलीपर्यंत पाऊस थांबलेला नाही. विसर्गाचे आकडे मोबाईलवर येतात, पण खालच्या धरणातून किती पाणी सुटतंय याचे दोन राज्यांचे दोन आकडे आहेत. शालनताईंचं वय ६४. सासरे ८८ वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. मुलगा-सून हिंजवडीत. शेजारच्या सहा घरांत मिळून खांद्यावर माणूस उचलू शकेल असा एकच गडी आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली दारात आली, पण सासऱ्यांना तीत चढवायचं कसं? आणि दावणीच्या दोन म्हशी सोडून शालनताई निघणार नाहीत.*

ही गोष्ट लिहिताना जे कळतं ते कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. २००५ ला गावातल्या तरुणांनी म्हाताऱ्यांना उचलून नेलं. २०४० मध्ये उचलणारे कुठे असतील? आपले स्थलांतराचे आराखडे माणसं चालू शकतात असं धरून चालतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून जी जीवितहानी झाली, तिच्यातून बोटींची संख्या आणि लाइफ जॅकेट यांबद्दल धडा घेतला गेला. पाणी चढायच्या दोन दिवस आधी कोणाला, कशातून, जनावरांसकट हलवायचं, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

दुसरी गोष्ट अगदी उलट बाजूची लिहा. समन्वय उत्तम, पाऊस पसरलेला, सलग बारा वर्षं पूर नाही. ऐकायला छान. पण या बारा वर्षांत निळ्या रेषेच्या आत किती घरं उभी राहिली? बोटींचे इंजिन कोणी चालू करून पाहिले? २०१९ पाहिलेले किती कर्मचारी नोकरीत उरले? सुखाचा काळच पुढच्या आपत्तीची तयारी कशी करतो, हे या गोष्टीत यायला हवं. उरलेल्या दोन कप्प्यांतही असंच काहीतरी टोचणारं हवं. चारपैकी एक "आदर्श" आणि एक "सर्वनाश" असं झालं की बैठकीतले सगळे आदर्शाच्या बाजूने मत देऊन चहाला उठतात.

शेल या तेल कंपनीत पियेर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा गोष्टी लिहिल्या होत्या. तेलाचे भाव कायम स्वस्त राहणार नाहीत, अशी एक शक्यता त्यांनी वरिष्ठांपुढे ठेवली होती. ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांत तेल सुमारे चौपट महागलं, तेव्हा इतरांच्या तुलनेत त्या कंपनीला पाऊल उचलणं सोपं गेलं. तारीख त्यांनीही सांगितली नव्हती. पण त्या परिस्थितीत आपण कसे वागू, याचा विचार एकदा करून झालेला होता.

चौकटीबाहेरचं: दोन संकटं एकदम

चार गोष्टी झाल्या की एक तास वेगळा काढा. वेगवेगळ्या धक्क्यांच्या चिठ्ठ्या करा: महापूर, भूकंपाचा धक्का, साथ, आठ दिवस मोबाईल नेटवर्क बंद, जनावरांचा आजार, मोठा बँक घोटाळा, सायबर हल्ल्यामुळे महावितरणची यंत्रणा ठप्प. दोन-दोन चिठ्ठ्या उचला आणि विचारा, हे एकाच आठवड्यात आलं तर? पूर आणि नेटवर्क बंद, एवढीच जोडी घेतली तरी विसर्गाचे इशारे, मदतीचे फोन, छावणीत वस्तू विकत घ्यायची यूपीआयची सोय, सगळं एकाच धाग्याला लटकलेलं आहे हे पंधरा मिनिटांत ध्यानात येतं. कोयना आणि किल्लारी या दोन नावांनंतर महाराष्ट्रात भूकंपाची चिठ्ठी कुणी हसण्यावारी नेऊ नये.

ठरलेल्या कामांना चारही गोष्टींतून चालवून पाहा

आता पहिल्या पायरीतली निर्णयांची यादी परत काढा. प्रत्येक काम चारही २०४० मध्ये नेऊन ठेवा. तिथे ते उपयोगी पडतं, निरुपयोगी ठरतं की नुकसान करतं?

काही कामं चारही ठिकाणी कामाला येतात: उपकेंद्राचा चौथरा २०१९च्या पातळीहून पुरेसा उंच घेणं, ओढ्यांची तोंडं मोकळी करणं, गावनिहाय "स्वतः चालू न शकणाऱ्यांची" यादी आशा सेविकांकडे अद्ययावत ठेवणं. ही लगेच सुरू करा, यांच्यासाठी आणखी अभ्यास नको. काही कामं एकाच भविष्यात शोभतात. नदीकडेला उंच भिंत बांधायची असेल तर ती कोसळणाऱ्या पावसात शहर वाचवेल, पण पलीकडच्या काठावर पाणी ढकलेल आणि भिंतीच्या आत पडलेला पाऊस बाहेर जाऊ देणार नाही. अशा कामाला "थांबा" म्हणण्याचं धैर्य याच बैठकीत यावं लागतं.

रोज वापरात राहील अशी तयारी टिकते, हेही इथे लक्षात ठेवा. १९९९च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर किनाऱ्यावर जे निवारे उभे राहिले, त्यांतल्या अनेकांत एरवी शाळा भरते. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं गेलं आणि मृतांचा आकडा दोन आकडीच राहिला. कुलूपबंद निवाऱ्याची किल्ली ऐन वेळी सापडत नाही, शाळेची सापडते.

दूरच्या बदलांसाठीही इशारा पातळी ठरवा

आयर्विनला ४० आणि ४५ फूट ठरलेले आहेत म्हणून पाणी चढताना वाद होत नाही, कामाला लागता येतं. नेमकं हेच संथ बदलांसाठी करा. प्रत्येक गोष्टीसाठी दोन-तीन मोजता येणाऱ्या खुणा निवडा, आणि अमुक मर्यादा ओलांडली की तमुक निर्णय पुन्हा टेबलावर येईल, हे आत्ताच लिहून ठेवा. उदाहरणार्थ: पाच वर्षांत दोनदा पाणी ५० फुटांच्या वर गेलं, तर लाल रेषेतल्या नव्या परवानग्या आपोआप थांबतील आणि पुनर्वसनाच्या जागेचं भूसंपादन सुरू होईल. किंवा पूर्वेच्या तालुक्यांत टँकरची मागणी सलग तीन वर्षं फेब्रुवारीतच आली, तर टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनांचं वेळापत्रक बदलेल. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, तुमचे तुम्ही तुमच्या नोंदींवरून ठरवा.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या मुखाकडच्या भागासाठी अशीच आखणी केली आहे. समुद्र किती वाढेल हे आज नक्की सांगता येत नाही, म्हणून सगळा खर्च आज करायचा नाही. पातळी अमुक झाली की पुढचं काम, तमुक झाली की त्यापुढचं, आणि त्या कामांसाठी लागणारी जमीन मात्र आतापासून मोकळी ठेवायची. आपल्याकडे जमीन मोकळी ठेवणं हेच सगळ्यात अवघड, म्हणून ते विकास आराखड्यातच आरक्षणाच्या रूपात बसवावं लागतं.

जवळचं उदाहरण अहमदाबादचं. मे २०१०च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. तापमानाच्या कोणत्या टप्प्याला कोणता रंग, आणि कोणत्या रंगाला कुणी काय करायचं, हे त्यात आधीच ठरलेलं असतं.

अहवाल कपाटात जाऊ नये म्हणून

इथे बहुतेक उपक्रम मरतात. ब्रिमस्टोवॅडचं उदाहरण वर दिलं. ब्रिटनने ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्लूच्या महासाथीची रंगीत तालीम घेतली होती. आरोग्यव्यवस्था आणि वृद्धांची काळजी घेणारी केंद्रं हा भार पेलू शकणार नाहीत, असं तिच्यातून निघालं होतं. साडेतीन वर्षांनी कोविड आला तेव्हा त्यातल्या बऱ्याच उणिवा तशाच होत्या. म्हणजे तालीम होऊनही उपयोग होईलच असं नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. जाडजूड अहवाल करू नका, चार पानांची टिपणी करा. पहिल्या पानावर फक्त निर्णय: काय करायचं, कोणत्या लेखाशीर्षातून, कोणत्या महिन्यापर्यंत, जबाबदार पद कोणतं. माणसाचं नाव नको, पदच लिहा, कारण अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात. २०४०च्या चार गोष्टी मागे जोडा. नवा अधिकारी रुजू झाला की कार्यभार हस्तांतरणाच्या कागदांत ही टिपणी आणि खुणांची वही असलीच पाहिजे. ती सांभाळणारी व्यक्ती शक्यतो बदली न होणारी असावी, स्थानिक महाविद्यालयातले भूगोलाचे किंवा स्थापत्यचे प्राध्यापक या कामाला चांगले.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करायचाच असतो. प्रत्यक्षात त्यात दूरध्वनी क्रमांक बदलले जातात आणि बाकी मजकूर तसाच राहतो. त्याच वार्षिक आढाव्यात खुणांच्या वहीचं वाचन आणि इशारा पातळ्यांची तपासणी घाला. पैशाचं काम जिल्हा नियोजन समितीत होतं, म्हणून समितीच्या सदस्यांना २०४०च्या त्या चार गोष्टी आधी ऐकवा, आकडे नंतर द्या. फिनलंडच्या संसदेत १९९३ पासून भविष्याचा विचार करणारी खास समिती आहे. सरकारकडून येणारा भविष्यविषयक अहवाल ती तपासते, आणि तीत सगळ्या पक्षांचे खासदार बसतात. त्यामुळे सत्ता बदलली तरी विषय मागे पडत नाही. जिल्ह्यातही विरोधी बाकावरच्यांना पहिल्या दिवसापासून बोलवा.

आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधीच्या नेहमीच्या बोटींच्या प्रात्यक्षिकाखेरीज, टेबलावरची तालीम घ्या. वीस जणांनी बसायचं, चारपैकी एक गोष्ट वाचायची आणि दर वीस मिनिटांनी नवी चिठ्ठी उघडायची: "पाणी ५९ फूट. मिरजेच्या दवाखान्यांतला प्राणवायू उद्या दुपारपर्यंतचाच. कोल्हापूरकडचा रस्ता बंद." कोण कुणाला फोन करतं, कुणाच्या सहीशिवाय काय अडतं, हे लिहून घेणारा एक माणूस बाजूला बसवा. त्याची यादी म्हणजे पुढच्या वर्षाचं काम.

वेळ कोणती साधायची

हे सगळं जून-जुलैत सुरू करू नका, तेव्हा कुणाचंच लक्ष तुमच्याकडे नसतं. दिवाळीनंतर माणसं नेमा आणि वह्या वाटा, डिसेंबरच्या शेवटी दोन दिवसांची मुख्य बैठक घ्या, म्हणजे जानेवारीत जिल्ह्याच्या वार्षिक योजनेची चर्चा सुरू होते तेव्हा चार पानांची टिपणी तयार असते. खर्च म्हणाल तर सभागृह, चहा-जेवण आणि गावाकडून येणाऱ्यांचा प्रवासखर्च. नावाडी आणि आशा सेविका यांचा बुडणारा रोजगार भरून द्या, ते विसरू नका.

पहिल्या बैठकीला येताना प्रत्येकाला एकच गोष्ट आणायला सांगा: आपल्या खात्याची किंवा गावाची जुन्यातली जुनी नोंद. पाटबंधारे खात्याच्या पातळीच्या वह्या, शाळेच्या हजेरीपटावर "महापुरामुळे सुट्टी" असा शेरा, घरातल्या भिंतीवरच्या खुणेचा मोबाईलवर काढलेला फोटो. त्या सगळ्या एका लांब टेबलावर वर्षाप्रमाणे मांडा आणि सगळ्यांना अर्धा तास नुसतं त्या टेबलाभोवती फिरू द्या. मग शेवटच्या नोंदीच्या पुढे, टेबलाच्या रिकाम्या टोकाला, २०४० लिहिलेला एक कोरा कागद ठेवा आणि बैठकीला सुरुवात करा.